तिसरी सही : व्यावसायिक पुनर्वसनात सरकार, संस्था आणि माणूस



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. सरकार आणि सेवाभावी संस्था मिळून दिव्यांग माणसांना कामाला लावण्याचा जो प्रयत्न करतात, त्यात पैसा कसा जातो, जबाबदारी कोणाची असते आणि हिशेब कोणाला द्यायचा असतो, असा हा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात का पडावं, असं कोणी विचारेल. एक तर मी काही वर्षं अशा एका संस्थेचा विश्वस्त होतो आणि तिथं माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगणार आहे. आणि दुसरं, ही चूक हिशेबाची वाटली तरी मुळात विचाराची होती. म्हणून पडलो.

आपण कळव्यात बसलो आहोत. मी बोलतोय आणि मागून लोकल जातेय. या मार्गाचं आणि आपल्या विषयाचं जुनं नातं आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. काही गेली, आणि जखमींना आपल्याच कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणलं गेलं. त्या दिवशी सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. पण इथं राहणाऱ्यांना माहीत आहे की एकेकटी माणसं पडतात त्याची बातमी होत नाही. जो वाचतो त्याचा कधी पाय गेलेला असतो, कधी हात. दवाखाना जखम भरून देतो. रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे अर्ज केला तर भरपाईही मिळू शकते. पण घरी आल्यावर सहा महिन्यांनी जो प्रश्न उभा राहतो, तो ना डॉक्टर सोडवतो ना ट्रिब्युनल. तो प्रश्न म्हणजे, आता मी करू काय?

या प्रश्नाच्या उत्तराला व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात.

शब्दापासून सुरुवात

'पुनर्वसन' हा शब्द आपल्याकडे धरणग्रस्तांमुळे रुळला. गाव बुडालं, माणसं दुसरीकडे वसवली. आता गंमत बघा, हा शब्द वाक्यात कसा येतो? 'शासनानं त्यांचं पुनर्वसन केलं.' 'संस्थेनं पुनर्वसन केलं.' 'त्यांचं पुनर्वसन झालं.' 'मी माझं पुनर्वसन केलं' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे ज्याचं पुनर्वसन होतं तो त्या वाक्याचा कर्ता कधीच नसतो. तसाच दुसरा शब्द 'लाभार्थी'. लाभ घेणारा, घ्यायला आलेला. मी शब्दांवर कीस पाडतोय असं वाटेल, पण हे व्याकरण पुढं थेट योजनांच्या फॉर्ममध्ये उतरतं. ते आपण पाहू.

व्यावसायिक पुनर्वसनाचा साधा अर्थ असा. जन्मापासून किंवा मधेच अपंगत्व आलेल्या माणसाला काय करता येतं ते तपासायचं, त्याला योग्य ते काम शिकवायचं, लागणारी साधनं द्यायची, कामाची जागा त्याच्यासाठी थोडी बदलून घ्यायची, आणि तो कामावर टिकतोय ना हे पाहत राहायचं. पाच पायऱ्या. आपल्याकडे बहुतेक सगळा पैसा आणि सगळं लक्ष दुसऱ्या पायरीवर, म्हणजे प्रशिक्षणावर आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दिव्यांग व्यक्तींपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे जेमतेम २४ टक्के निघाले. त्याच सुमाराच्या श्रमबल पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून कमी. आणि लक्षात घ्या, यात काम शोधणारेही धरले आहेत. उरलेल्यांतल्या अनेकांनी शोधणंच सोडून दिलेलं असतं.

आधी संस्था, मागून सरकार

आपल्या राज्यात हे काम कसं सुरू झालं? पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक परत येऊ लागले तेव्हा लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत त्यांच्यासाठी तंत्रशाळा काढली. ती पुढं खडकीला गेली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून ती आजही आहे. पुढचं उदाहरण फातेमा इस्माईल यांचं. मुलीला पोलिओ झाला, उपचारासाठी वणवण करावी लागली, आणि त्या अनुभवातून त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी काम उभं केलं. १९५५ मध्ये केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था हाजी अलीला आली. अंधांसाठी नॅब ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली. आणि १९६८ मध्ये केंद्राच्या श्रम खात्यानं मुंबई आणि हैदराबादला व्यवसाय पुनर्वसन केंद्रं काढली. देशातली ही पहिली दोन.

क्रम बघितलात? आधी एखादी व्यक्ती, मग संस्था, आणि मागून सरकार. पाश्चात्त्य देशांतही फार वेगळं झालेलं नाही. अमेरिकेतली गुडविल ही संस्था १९०२ मध्ये बॉस्टनला सुरू झाली, आणि तिथला व्यावसायिक पुनर्वसनाचा नागरी कायदा आला १९२० मध्ये. सरकार येतं तेव्हा वाट मळलेली असते. त्यामुळे सरकारला स्वतः सगळं उभं करण्यापेक्षा संस्थांना पैसे देऊन काम करून घेणं सोयीचं पडतं. संस्थेजवळ माणसं असतात, आपुलकी असते, परिसराची माहिती असते. सरकारजवळ पैसा, जमीन आणि कायदा असतो. भागीदारीची कल्पना चांगलीच आहे. प्रश्न येतो तो ती कोणत्या अटींवर होते इथं.

आनंदवन : एक वेगळी सुरुवात

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना आनंदवन टाळून पुढं जाता येणार नाही. बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ सरकारनं दिलेल्या माळरानावर आनंदवन उभं राहिलं. त्या काळात डॅप्सोन हे औषध आलेलं होतं. रोग आटोक्यात येत होता, पण बऱ्या झालेल्या माणसाला गावात कोणी काम देत नव्हतं. बाबांचं म्हणणं असं होतं की दानानं माणूस मोडतो आणि कामानं उभा राहतो. त्यांनी सरकारकडून मुख्यतः घेतली ती जमीन. तिच्यात विहिरी खणल्या, शेती केली, पुढं हातमाग, लोहारकाम, सुतारकाम असे उद्योग आले. आणि १९६४ मध्ये तिथं महाविद्यालय निघालं, वरोरा परिसरातल्या मुलांसाठी. ज्यांना गावानं बाहेर काढलं त्यांच्या जागेत गावाची मुलं शिकायला आली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की सरकारनं इथं जे दिलं ते एकदा दिलं आणि त्यावर काय पिकवायचं ते तिथल्या माणसांनी ठरवलं. अर्थात प्रत्येक ठिकाणी बाबा आमटे नसतात आणि ठाणे जिल्ह्यात माळरानही उरलेलं नाही. म्हणून बाकीच्या ठिकाणी पैसे देण्याच्या तीन पद्धती पडल्या. त्या नीट समजून घेऊ, कारण संस्थेला पैसा ज्या रीतीनं मिळतो, संस्था हळूहळू तशीच होत जाते.

पहिली पद्धत : पदांवर आणि डोक्यांवर पैसा

महाराष्ट्रात दिव्यांगांच्या अनुदानित विशेष शाळा आहेत आणि मोठ्या मुलांसाठी कर्मशाळा आहेत. त्यांत मंजूर पदांचे पगार शासन देतं आणि निवासी असतील तर मुलांमागं परिपोषणाचं अनुदान मिळतं. केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना १९९९ पासून आहे, २००३ मध्ये तिला हे नाव मिळालं. तिच्यात मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान संस्थेला मिळू शकतं.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे स्थैर्य. शिक्षक टिकतात. ज्याला शिकायला पाच वर्षं लागतील त्याला पाच वर्षं मिळतात. दोष असा की पैसा जागा भरण्याचा मिळतो. पट भरलेला दिसला पाहिजे. मूल बाहेर पडून कामाला लागलं तर संस्थेची एक जागा रिकामी होते! मुद्दाम कोणी अडवून ठेवतं असं मी म्हणत नाही. पण त्याला बाहेर काढण्याची घाईही कोणाला नसते.

आणि एकदा मंजूर झालेला व्यवसाय सहसा बदलत नाही. दृष्टिहीनांना पूर्वी तीन कामं हमखास शिकवली किंवा मिळवून दिली जात. वेतानं खुर्च्या विणणं, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, आणि पुढं एसटीडी-पीसीओचा बूथ, जो इतर दिव्यांगांनाही मिळे. तिन्ही आपल्या डोळ्यांदेखत गेली. सरकारी कचेऱ्यांत प्लास्टिकच्या आणि फिरत्या खुर्च्या आल्या, वेत गेला. थेट एक्स्टेन्शन लावता येऊ लागलं, ऑपरेटर गेला. मोबाईल आला, बूथ गेला. बाजार दर दहा वर्षांनी कूस बदलतो. मंजुरीचा कागद मात्र तोच राहतो. आजही कितीतरी ठिकाणी मेणबत्त्या, फिनेल, खडू आणि कागदी पिशव्या चालू आहेत. दिवाळीला चार आठवडे विक्री होते, आपण कौतुकानं घेतो, आणि उरलेले अकरा महिने कोणी विचारत नाही.

दुसरी पद्धत : निकालावर पैसा

यावर उपाय म्हणून दुसरी पद्धत आली. प्रशिक्षण दिलंत, ठीक. नोकरी लागली का ते दाखवा, मग पुढचा हप्ता. २०१५ मध्ये दिव्यांगांच्या कौशल्य विकासाची राष्ट्रीय कृती योजना आली. त्याच वर्षी केंद्रानं सगळ्या कौशल्य योजनांसाठी जे सामाईक निकष ठरवले, त्यांत पैशाचे तीन हप्ते होते. वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के, आणि शेवटचे २० टक्के ठरलेल्या प्रमाणात रोजगार मिळाल्यावर.

ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण संस्थेच्या खुर्चीत बसून बघा. समोर दोन अर्जदार आहेत. एकाला पायाला किंचित लंगडेपणा आहे, बारावी झालेला आहे. दुसरीला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं समजायला वेळ लागतो, घरून आणणारं कोणी नाही. दोघांमागं मिळणारा पैसा जवळपास सारखाच. संस्था कोणाला घेईल? ब्रिटनमध्ये २०११ पासून असा निकालावर पैसा देणारा मोठा कार्यक्रम चालला. तिथल्या अभ्यासकांनी या दुखण्याला दोन शब्द वापरले, क्रीमिंग आणि पार्किंग. म्हणजे वरची साय काढून घ्यायची आणि बाकीच्यांना कडेला उभं करून ठेवायचं. तिथं कठीण गटांसाठी जास्त दर ठेवूनही हे पुरतं थांबलं नाही.

दुसरा धोका नोंदीचा. निकालावर पैसा असला की निकाल 'दाखवला' जाऊ लागतो. त्यावर मी येतोच.

तिसरी पद्धत : माल विकत घ्या

तिसरी पद्धत अशी की अनुदान देऊ नका, संस्थेचा माल विकत घ्या. अमेरिकेनं १९३८ मध्ये कायदा केला की अंधांच्या कार्यशाळांत बनलेले झाडू, पुसणी वगैरे वस्तू केंद्र सरकारनं तिथूनच घ्यायच्या. १९७१ मध्ये तो इतर गंभीर अपंगत्वांनाही लागू झाला. बाजाराची हमी मिळाली. पण त्याच १९३८ साली किमान वेतनाचा जो कायदा आला, त्याच्या एका कलमानं अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी देण्याचा परवाना मिळण्याची सोय केली. त्यावर तिथं आजतागायत वाद चालू आहे. एका हातानं काम दिलं, दुसऱ्या हातानं मजुरी कापली.

ब्रिटननं १९४५ मध्ये रेम्प्लॉय ही सरकारी कंपनीच काढली. देशभर कारखाने, त्यांत दिव्यांग कामगार. पण वेगळे कारखाने म्हणजे माणसं पुन्हा वेगळीच राहिली, असा आक्षेप पुढं दिव्यांगांच्या चळवळीतूनच आला. शेवटचे कारखाने २०१३ मध्ये बंद झाले. तेव्हा तिथल्या अनेक कामगारांना दुःख झालं. त्यांच्या दृष्टीनं ती त्यांची कंपनी होती, त्यांची युनियन होती. बंद करताना एका तत्त्वाचा आधार घेतला, पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना तो निर्णय आपला वाटला नाही.

म्हणजे तिन्ही पद्धतींत खोट आहे. मग चौथी शोधायची का? मी बरीच वर्षं तसंच समजत होतो. आता माझं मत बदललंय. ते का, ते सांगतो.

माझी सही

माझा एक विद्यार्थी होता. पहिल्या वर्षाला तर्कशास्त्राच्या वर्गात बसायचा. त्यात त्याचं मन रमलं नाही, आयटीआयला गेला, टर्नर झाला. हुशार होता. एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. एक दिवस संध्याकाळच्या गर्दीत गाडीतून पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. सरकारी नोकरीत असता तर १९९५ च्या अपंग कायद्यानं त्याला नोकरीवरून काढता आलं नसतं. आजच्या २०१६ च्या कायद्यातही ते संरक्षण आहे. पण ते सरकारी आस्थापनांपुरतं. खाजगी ठिकाणच्या कंत्राटी माणसाला कोण विचारतो?

मी तेव्हा एका संस्थेचा विश्वस्त होतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. मी त्याला आमच्या प्रशिक्षण केंद्रात घेऊन गेलो. आमच्याकडे मंजूर व्यवसाय तीन. शिवण, टायपिंग आणि मेणबत्त्या. मेणबत्त्यांच्या तुकडीत एक जागा रिकामी होती आणि तपासणी जवळ आली होती. जागा भरली. जो मुलगा मायक्रोमीटरवर माप घेत होता तो साच्यात मेण ओतायला बसला. तो काही बोलला नाही. सरांनी आणलंय, काय बोलणार?

नऊ महिन्यांनी प्रमाणपत्र मिळालं. दिवाळीत त्यानं स्टेशनबाहेर महिना-दीड महिना मेणबत्त्या विकल्या. नंतर घरी बसला. मार्चअखेर अहवाल जायचा होता. त्यात एक रकाना होता, 'रोजगार मिळाला : होय / नाही'. आमच्या व्यवस्थापकानं लिहिलं, 'होय, स्वयंरोजगार'. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं, विकल्याच होत्या मेणबत्त्या. त्या पानावर विश्वस्त म्हणून सही माझी.

काही महिन्यांनी तो मला रस्त्यात भेटला. कुठूनतरी त्याला हे कळलं होतं. रागावला नाही. म्हणाला, "सर, त्या कागदावर माझ्याबद्दल सगळं लिहिलंय. तुमची सही आहे, साहेबांचा शिक्का आहे. माझी सही कुठंच घेतली नाही. घेतली असती तर मी 'नाही' लिहिलं असतं."

तर्कशास्त्र सोडून गेलेल्या मुलानं मला तर्क शिकवला.

तिसऱ्याचा करार

त्या दिवसापासून मला ही भागीदारी वेगळी दिसू लागली. करार होतो सरकार आणि संस्था यांच्यात. पैसे देणारा एक, घेणारा दुसरा. संस्था उपयोगिता प्रमाणपत्र देते ते सरकारला. तपासणी करतं ते सरकार, संस्थेची. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो तिसरा माणूस या व्यवहारात आकडा म्हणून येतो. तो पटावर असतो, अहवालात असतो, फोटोत असतो. पक्षकार म्हणून कुठंच नसतो.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानं सांगितलं की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नका, तो स्वतः साध्य आहे. आम्ही हे वर्गात शिकवतो, परीक्षेत विचारतो. आणि मी त्या मुलाला रिकामी जागा भरण्याचं साधन केलं, तेही त्याचं भलं करतोय या समजुतीनं. वाईट हेतूनं केलेली चूक लवकर कळते. चांगल्या हेतूची चूक कळायला वेळ लागतो, कारण तिच्याभोवती कौतुक असतं.

बाराव्या शतकात मायमोनिडीस हा ज्यू तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्यानं दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वरची पायरी कोणती? गुप्तदान नाही. गरजू माणसाला कर्ज द्या, भागीदार करून घ्या, काम द्या, म्हणजे त्याला पुन्हा मागावं लागणार नाही, ही. भागीदार करून घ्या! आपल्या भागीदारीत भागीदार कोण कोण आहेत ते आता तुम्हीच मोजा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा पदांवर द्या, निकालावर द्या किंवा माल घेऊन द्या, प्रत्येक रीतीची खोट राहणारच. ती आटोक्यात ठेवू शकतो तो तिसरा माणूस. पण त्याच्या सहीवाचून कागद पुढं सरकत नसेल तरच.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ही तरतूद आली. प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र लेखी योजना करायची, कोणतं काम, कोणतं प्रशिक्षण, कोणत्या संस्थेकडून. ती योजना त्या व्यक्तीबरोबर बसून करायची. आज तिच्यावर त्या व्यक्तीची आणि सरकारी समुपदेशकाची अशा दोन सह्या लागतात. संस्था निवडण्याचा हक्क त्या व्यक्तीचा. तक्रार असेल तर मदतीला वेगळी यंत्रणा. तिथंही सगळं गोड नाही, कमी वेतनाचं कलम मी आत्ताच सांगितलं. पण ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

इथं काय करता येईल

चार गोष्टी सुचवतो. चारही आपल्या शहरात करता येण्याजोग्या आहेत.

एक. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक केंद्रात प्रत्येक प्रशिक्षणार्थीची एक पानाची योजना मराठीत असावी. आधी काय काम करत होता, आता काय करायचंय, आम्ही हा व्यवसाय का सुचवतो. वाचून दाखवायची, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि प्रत त्याच्या हातात द्यायची. 'हे मला नको' म्हणायला तिच्यात जागा हवी.

दोन. 'रोजगार मिळाला' हा रकाना त्या माणसानं स्वतः भरावा, आणि प्रमाणपत्राच्या दिवशी भरून भागणार नाही, वर्षानं भरावा. आणि ज्याला कामाला लावणं जास्त कठीण त्याच्यासाठी संस्थेला जास्त पैसा मिळावा. नाहीतर साय काढणं चालूच राहील.

तीन. पैसा प्रशिक्षणाच्या पुढच्या पायऱ्यांकडे वळवावा. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. त्यातून फक्त साहित्यवाटप होऊ नये. माझ्या विद्यार्थ्याला मेणबत्तीच्या साच्याची गरज नव्हती. त्याला बसून चालवता येईल असं मशीन आणि मालकाशी बोलायला जाणारा एक माणूस हवा होता. पहिले तीन महिने कामाच्या जागी सोबत करणाऱ्या माणसाचा पगार द्या. नव्या मेणबत्ती वर्गापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

चार. संस्थांच्या विश्वस्त मंडळावर दिव्यांग व्यक्ती हवी, शोभेला नाही, मत द्यायला.

संस्थांच्या बाजूनंही एक सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सरकारही भागीदारासारखं वागत नाही. अनुदान मार्चअखेर येतं, कधी त्यानंतरही. तोवर कर्मचारी उसनवारी करून घर चालवतात. प्रस्तावात त्रुटी निघाली की फाईल परत. संस्थाचालक कचेरीत बाकावर बसून असतात, याचकासारखे. ज्याला वर याचक केलं जातं तो खाली दाता होऊन बसतो. हीही साखळी तोडली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. फाईल एका ठिकाणी आली, हे चांगलं झालं. आता ती वेळेवर हलावी.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : माझी मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे, चोवीस वर्षांची. ती सही कशी करणार? तिला या गोष्टी समजत नाहीत.

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. पालकानं तिच्याऐवजी ठरवायचं असं त्यात नाही, तिच्यासह ठरवायचं, परस्पर विश्वासानं. तिला योजना समजणार नाही. पण आठवडाभर कागदी पिशव्या आणि आठवडाभर रोपवाटिकेत काम करून पाहिलं तर ती कुठं खूश असते हे तुम्हाला नक्की कळेल. तेही तिचं मतच आहे. त्याखाली तुम्ही सही करा, आणि 'तिनं हे करून पाहिलं, तिला हे आवडलं' असं लिहा. हा अनुभव विचारण्याची पद्धत पडली तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : मग सरकारनंच हे सगळं स्वतः का चालवू नये? संस्था हव्यात कशाला?

रेम्प्लॉय सरकारचंच होतं. तिथंही निर्णय वरूनच झाला. चालवतो कोण यानं जबाबदारी आपोआप येत नाही. माझा भर 'विचारलं कोणाला' यावर आहे. शिवाय संस्थेकडे एक गोष्ट असते, ती ओळखीनं काम मिळवून देऊ शकते. सरकारी केंद्राला ते जमणं कठीण.

प्रश्न : सर, तुमच्या त्या विद्यार्थ्याचं पुढं काय झालं?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. वागळे इस्टेटमध्ये त्याचा आयटीआयचा एक मित्र होता. त्याच्या ओळखीनं एका लहान वर्कशॉपमध्ये हत्यारांना धार लावण्याच्या ग्राइंडरवर त्याला बसवलं. बसून करायचं काम. मालकानं स्टूल उंच करून दिलं, एवढाच बदल. बरीच वर्षं तिथं होता. आता त्याचा स्वतःचा ग्राइंडर आहे.

त्यात आमच्या संस्थेचा वाटा शून्य. आमच्या कागदावर मात्र तो आजही मेणबत्तीवाला म्हणून रोजगारप्राप्त आहे. मी संस्था सोडण्याआधी त्या अहवालाला दुरुस्तीचं पत्र जोडलं. त्यावर पहिली सही त्याची घेतली, खाली माझी.